माप कुणाचं?

(पनवेल इथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगी, रेशन, घरातली मारहाण यांवर बोलतो आहोत. त्यानंतर माझा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, ही बाई भलतंच काय घेऊन आली! औद्योगिक डिझाईनचं पदव्युत्तर शिक्षण. चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्यासुद्धा, "म्हणजे आपल्या खारघरच्या निफ्टमध्ये शिकवतात ते ना? कपड्यांचं?" कपड्यांचं डिझाईन असतंच. पण मी बोलणार आहे ते कारखान्यात हजारोंनी तयार होणाऱ्या वस्तूंबद्दल. मिक्सर, शिलाई मशीन, खुर्ची, विळा, एसटीचं बाकडं, इस्पितळातलं बाळंतपणाचं टेबल. या वस्तूंची उंची किती, वजन किती, मूठ केवढी, बटण कुठे, हे कुणीतरी ठरवतं. ते ठरवायला शिकवणारं हे शिक्षण आहे.

आधी एक छोटी गोष्ट करू. आज लोकलने आलेल्या सगळ्याजणी हात वर करा. बऱ्याच आहात. आता डब्यातली वरची कडी धरताना ज्यांना टाचा उचलाव्या लागतात, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती हात वर आहेत! आता मला सांगा, तेव्हा आपण मनात काय म्हणतो? "माझी उंची कमी आहे." "कडी उंच आहे" असं आपल्यापैकी किती जणी म्हणतात?

स्वयंपाकघरातही तेच. ओट्यापाशी उभं राहून कंबर दुखली की आपण म्हणतो, वय झालं. शिलाई मशीनवर मान अवघडली की म्हणतो, सवय नाही. वस्तू बरोबर आणि आपलं शरीर चुकीचं, हे आपण न शिकवता शिकलो आहोत. घरात, कायद्यात, धर्मात बाईला जे ऐकवलं जातं, तेच वस्तूसुद्धा ऐकवत असतात. फक्त त्या बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडायचं आपल्याला सुचत नाही.

मग ही मापं येतात कुठून?

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात झाली तिथे जाऊ. १९५८ मध्ये भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं इथे हिंडलं आणि त्यांनी एक अहवाल दिला. रे या स्वतः चित्रकार आणि डिझायनर, पण पुष्कळदा नाव फक्त नवऱ्याचं घेतलं जातं. हे आपल्याला नवीन नाही. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं कौतुक केलं आहे. असा लोटा घडवायचा तर काय काय विचारावं लागेल याची यादीच त्यांनी दिली. तो डोक्यावर नेणार, कमरेवर की हातात? उचलणारा हात केवढा, त्यात जोर किती, तो बाईचा की पुरुषाचा? म्हणजे या देशातल्या डिझाईन शिक्षणाच्या पायाच्या दगडावरच 'हात कुणाचा' हा प्रश्न कोरलेला आहे.

त्या अहवालाला धरून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. ती उभारण्यात गौतम साराभाईंच्या बरोबरीने त्यांची बहीण गिरा साराभाई होत्या. १९६९ मध्ये पवईला आयआयटीत 'इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर' सुरू झालं. जे.जे.त शिकून पुढे जर्मनीतल्या उल्मच्या डिझाईन शाळेत गेलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याच्या संस्थापकांपैकी. पनवेलहून लोकल आणि बस धरून सकाळी निघालं तर दुपारच्या आत परत येता येईल इतक्या जवळ हे ठिकाण आहे. तरी आपल्या किती घरांत त्याचं नाव माहीत आहे?

पण लोट्याचा प्रश्न विचारणं वेगळं आणि त्याचं उत्तर आकड्यांत मिळवणं वेगळं. भारतीय माणसांच्या शरीराची मापं डिझाईनसाठी नीट मांडणारं देवकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या संस्थेने काढलं ते १९९७ मध्ये. संस्था सुरू होऊन तोवर छत्तीस वर्षं झाली होती. शेतात राबणाऱ्या पुरुषांची आणि बायांची, दोघांचीही मापं आणि ताकद सांगणारं एल. पी. गिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संकलन भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी बरेचदा परदेशी तक्त्यांवर भागवलं जाई. आणि त्या तक्त्यांतला 'माणूस' म्हणजे बहुतेक वेळा पुरुष असे, पुष्कळदा सैन्यातला.

सैन्यावरून आठवलं. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. विमानातली बसायची जागा सरासरी मापाची करत, तरी अडचणी येत. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने दहा मापं निवडली आणि पाहिलं की या दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारे वैमानिक किती. उत्तर आलं शून्य. चार हजारांत एकही नाही! हे सगळे पुरुष, तेही निवडून घेतलेले. मग बायांसकट सगळ्या समाजासाठी एकच 'सरासरी माणूस' धरला तर काय होईल?

काय होतं ते मोटारींच्या अपघातांनी दाखवलं. मोटार सुरक्षित आहे का हे पाहायला तिच्यात बाहुला बसवून ती आपटतात. कित्येक वर्षं तो बाहुला पुरुषाच्या मापाचा असे. अमेरिकेतल्या अपघातांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पट्टा बांधलेल्या पुरुषापेक्षा पट्टा बांधलेल्याच बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी जास्त होती. माप चुकलं की नुसती कंबर दुखत नाही, जीवही जाऊ शकतो.

आता या शिक्षणात प्रत्यक्ष काय शिकवतात ते सांगते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षी चित्र काढणं, आकार घडवणं, लाकूड, पत्रा, प्लास्टिक यांची ओळख, वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने नमुने करणं. त्याबरोबर शरीर आणि काम यांचं शास्त्र. यातला एक नियम मला फार आवडतो. शंभर जणांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करा. जिथे हात पोहोचायला हवा तिथे ओळीतल्या अगदी बुटक्यांचं, म्हणजे पाचव्या माणसाचं माप धरायचं. जिथे शरीर मावायला हवं तिथे अगदी धिप्पाडांचं, म्हणजे पंच्याण्णवाव्याचं. कडी पोहोचण्यासाठी असते आणि दार मावण्यासाठी. किती साधा आणि न्याय्य नियम! पण ती ओळ लावताना तुम्ही बायांना ओळीत घेतलंच नाही, तर ओळीतला पाचवासुद्धा पुरुषच निघणार. नियम बरोबर असून अन्याय होतो तो असा.

दुसऱ्या वर्षी मोठे प्रकल्प असतात. एक प्रश्न निवडायचा, लोकांत जाऊन काम पाहायचं, वस्तू करायची आणि शेवटी परीक्षकांपुढे मांडायची. माझ्या अशाच एका प्रकल्पाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती फारशी अभिमानाची नाही.

मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या बायांसाठी मी टेबल करायला घेतलं. कारखान्याचं नाव घेत नाही, असे बरेच आहेत. ओल्या फरशीवर गमबूट घालून तासन्‌तास उभं राहायचं, बर्फातली कोळंबी सोलायची, पैसे किलोवर. बोटं सुजलेली, हातमोजे फाटलेले. टेबल बहुतेकींना उंच पडायचं, म्हणून बुटक्या बाया प्लास्टिकचे क्रेट पालथे घालून त्यावर उभ्या राहायच्या. मी माझ्या वहीत लिहिलं, 'समस्या : कामगार क्रेटवर उभ्या राहतात, पाय घसरतो.' आज वाटतं, ती समस्या नव्हतीच. कारखान्याने चुकवलेलं माप त्या बायांनी स्वतःच्या डोक्याने दुरुस्त केलं होतं. ते त्यांचं डिझाईन होतं. मी मात्र ते चूक म्हणून नोंदवलं.

मी चाळीस जणींच्या कोपराची उंची मोजली. पाय वरखाली करता येतील असं टेबल केलं, कड गोल केली, टरफलं खाली पडायला फट ठेवली. त्याने एका किलोमागे किती मिनिटं वाचतात याचा सुबक तक्ता काढला. परीक्षक खूष झाले. मला चांगली श्रेणी मिळाली. कारखान्याने तशी काही टेबलं करून घेतली आणि मी त्याचे फोटो काढून घरी दाखवले.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेले. टेबलं होती, क्रेट गेले होते, मनगटंही थोडी बरी होती. पण किलोमागचा दर कमी झाला होता. कारण काय? तर आता हात भरभर चालतो, कमी दरातही पूर्वीइतकीच मजुरी पडते. आणि याला पुरावा म्हणून ऑफिसात काय दाखवत होते, ठाऊक आहे? माझा तक्ता.

त्यांतल्या एक वयस्क बाई मला म्हणाल्या, "पोरी, तू आमचे हात मोजलेस, कोपर मोजलंस. दर कोण ठरवतं ते काही विचारलं नाहीस." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि बसायला काही देशील असं वाटलं होतं."

माझ्या दोन्ही वर्षांच्या वह्यांत हे दोन प्रश्न कुठेच नव्हते. मी बाई होते, तरी नव्हते. हे मी मुद्दाम सांगते आहे. डिझाईनमध्ये मुली गेल्या की सगळं आपोआप सुधारेल अशा भ्रमात आपण राहू नये. मी शिकलेली, पांढरपेशा घरातली. आठ तास उभं राहून हात बर्फात घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बाई असल्यामुळे मला त्यांची मनगटं दिसली. पण माझ्या वर्गामुळे, जातीमुळे त्यांचा दर मला दिसला नाही.

बसायच्या जागेचं तर आणखी ऐका. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ४४ मध्ये, ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय असली पाहिजे, असं लिहिलेलं होतं. म्हणजे खुर्ची कागदावर केव्हापासूनची होती! ती प्रत्यक्षात आली कुठे? केरळात कपड्यांच्या दुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्या विक्रेत्या बायांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. कोझिकोडच्या विजी आणि त्यांच्या 'पेणकूट्ट' या संघटनेचा त्यात मोठा वाटा. त्यातून २०१८ मध्ये केरळ सरकारला दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय सक्तीची करावी लागली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. ती खुर्ची कुठल्या डिझायनरने दिली नाही, संघटनेने मिळवली. पण मिळालेली खुर्ची जर चुकीच्या उंचीची असेल तर बाई तिच्यावर बसणार नाही, आणि मालक म्हणेल, "दिली होती, वापरत नाहीत." म्हणून दोन्ही हवं. संघटनाही हवी आणि मापही.

हाच धडा घरातही लागू आहे. १९२६ मध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. पावलं मोजून, हालचाली मोजून, बाईचा वेळ आणि श्रम वाचावेत म्हणून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजचा आपला बंद कपाटांचा, ओट्याचा किचन त्याच वंशातला. श्रम वाचले हे खरंच. पण ते इतकं अरुंद होतं की त्यात एकाच माणसाने काम करावं, आणि ते माणूस कोण हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ओटा सोयीचा झाला, पण ओट्यापाशी कोण उभं राहणार हे बदललं नाही. पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरवून ढकलायचं पिंप दिलं तर मान वाचते, आणि वाचलीच पाहिजे. पण पिंप ढकलायला बाईच का, आणि नळ का नाही, हे प्रश्न पिंपाच्या आड जाता कामा नयेत.

आपल्या कोकणातलं एक बरं उदाहरणही सांगते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला वैभव विळा तुमच्यापैकी शेतीवाल्यांना माहीत असेल. दातेरी पात्याचा, हलका, सारखी धार लावावी न लागणारा. कापणी करणाऱ्या बाईच्या मनगटाला असा विळा काय सोय देतो ते तीच सांगेल. पण आपण हेही पाहतो की नांगरणीला ट्रॅक्टर, पॉवर टिलर येतो तेव्हा तो पुरुषाच्या हातात जातो, आणि लावणी, बेणणी वाकून बायांनीच करायची. यंत्र आलं की काम पुरुषाचं होतं, हाताने राहिलं की बाईचं. या तालुक्यातली भातशेती शहराखाली गेली. पण त्या वाकलेल्या पाठी गेल्या नाहीत. त्या आता सोसायट्यांत लादी पुसताना दिसतात.

तर मग माझं म्हणणं काय? आपल्या मुलींनी तिथे जावं की नाही?

जावं. नक्की जावं. जिथे 'माणूस' म्हणजे कोण हे ठरतं, ती जागा आपण मोकळी सोडू नये. आणि जाण्याची वाट वाटते तितकी बंद नाही. आयआयटी आणि इतर काही संस्थांतल्या एम.डेस. या पदवीसाठी 'सीड' नावाची प्रवेश परीक्षा असते, ती मुंबईची आयआयटी घेते. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका लागते. वयाची अट नाही. कितीदाही बसता येतं. म्हणजे लग्न, मूल, नोकरी यांत दहा वर्षं गेलेल्या बाईलाही दार बंद नाही, हे लक्षात ठेवा. महिलांना परीक्षेच्या शुल्कात सवलत असते. एक भाग संगणकावरचा, दुसरा कागद-पेन्सिलीने चित्र काढून विचार मांडण्याचा. त्यानंतर संस्था आपापली निवड करतात, तिथे मुलाखत असते, केलेलं काम दाखवावं लागतं. औद्योगिक डिझाईनला बहुतेक मुलं इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा डिझाईनची पदवी घेऊन येतात. अहमदाबादच्या संस्थेची परीक्षा वेगळी, आणि तिथला अभ्यासक्रम अडीच वर्षांचा.

अडचणी आहेत. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. क्लासेस महाग आहेत. फी, वसतिगृह, लॅपटॉप, नमुने करायचं सामान, सगळ्याला पैसा लागतो. आणि घरून प्रश्न येतो, रात्री दहापर्यंत वर्कशॉपमध्ये लेथवर मुलगी काय करते? ज्या मुलीला लहानपणी घरातला फ्यूज बदलू दिला नाही, स्क्रू-ड्रायव्हर फक्त भावाच्या हातात दिला, ती लेथपाशी बिचकणारच. ही तयारी पदवीनंतर सुरू होत नाही, पाचवी-सहावीत होते. तेवढं तर आपल्याला उद्यापासून करता येईल.

आणि जी मुलगी तिथे जाईल तिने परत यायला हवं. नोकरी सोडून नव्हे, पण प्रश्न विचारायला, आणि आपलं काम दाखवायला. त्यासाठी आपल्याकडून तीन गोष्टी सुचवते.

पहिली. आपल्या वस्तीतल्या, कामाच्या जागच्या मापांची नोंद करू. सरळ उभं राहा, कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाला ओटा किंवा टेबल त्याच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावं. कणीक मळायला, लाटायला त्याहून खाली, कारण तिथे अंगाचा भार द्यायचा असतो. तुमच्या कामाची जागा किती वर-खाली आहे ते लिहून ठेवा. मालकापुढे, नगरसेवकापुढे "दुखतं" म्हणून गेलो तर ऐकत नाहीत. आकडा घेऊन गेलो तर निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

दुसरी. पालथ्या क्रेटसारखे जे जे उपाय बायांनी स्वतः काढले आहेत ते, काढणाऱ्या बाईची परवानगी घेऊन, तिच्या नावासकट लिहून ठेवू. मुठीला गुंडाळलेली चिंधी, पाटाखाली ठेवलेली वीट, सगळं. ते अज्ञान नाही, ज्ञान आहे.

तिसरी. आपल्याकडे टेप आणि कॅमेरा घेऊन अभ्यासाला येणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला आधी चार प्रश्न विचारू. हा अहवाल कुणाच्या हातात जाणार? आमचं काम लवकर झालं तर वाचलेला वेळ कुणाचा? आमच्या युक्तीवर नाव कुणाचं लागणार? आणि सहा महिन्यांनी तू परत येणार का?

हे प्रश्न मला कुणी आधी विचारले असते तर तो तक्ता मी ऑफिसात देण्यापूर्वी त्या बायांच्या हातात दिला असता. मग दराची बोलणी कदाचित त्यांनी केली असती. त्या बाईंना मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. आजचं हे बोलणं त्याचा एक भाग समजा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन यावं, एवढीच विनंती.